शिकले जास्त, वाटले कमी: हार्वर्डमधल्या भौतिकशास्त्राच्या दोन तासांचे प्रकरण

कॉलेजात लेक्चर बाजूला ठेवून मुलांना गटात बसवले, त्यांच्याकडून गणिते सोडवून घेतली, की पहिल्या काही आठवड्यांत एक तक्रार हमखास येते: ‘सर शिकवतच नाहीत, सगळं आमच्याकडूनच करून घेतात.’ तक्रार प्रामाणिक असते. मुलांना खरोखरच तसे वाटत असते. अनेक शिक्षक याच टप्प्यावर फीडबॅकचे आकडे पाहून परत फळ्याकडे वळतात.

हे वाटणे आणि प्रत्यक्ष शिकणे यांचा संबंध तपासणारा एक प्रयोग हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या प्राथमिक अभ्यासक्रमात झाला. लुई देलॉरिये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. विद्यार्थीकेंद्री अध्यापनाने निकाल सुधारतो का, एवढ्याच प्रश्नावर तो थांबत नाही. सुधारत असेल तर मुले नाराज का होतात, हेही तो विचारतो. वर्ग बदलू पाहणाऱ्या शिक्षकाला हा दुसरा प्रश्न जास्त छळतो, म्हणून हेच प्रकरण इथे तपशिलात घेतले आहे.

प्रयोगाची बांधणी

एकूण १४९ विद्यार्थी विश्लेषणात होते. एकाच अभ्यासक्रमातल्या मुलांची यदृच्छेने दोन गटांत विभागणी केली. तास दोनच. पहिल्याचा विषय स्थितिक समतोल, म्हणजे स्थिर वस्तूवरच्या बलांचा तोल, दुसऱ्याचा द्रायू, म्हणजे द्रव आणि वायू. पहिल्या तासाला एका गटाने व्याख्यान ऐकले आणि दुसऱ्याने कृतिशील पद्धतीने काम केले. दुसऱ्या तासाला अदलाबदल झाली. त्यामुळे प्रत्येक मुलाने दोन्ही पद्धती अनुभवल्या, आणि ‘हुशार मुले एकाच गटात गेली असतील’ या शंकेला फारशी जागा उरली नाही.

या प्रयोगाची खरी ताकद तुलना कशाशी केली यात आहे. कंटाळवाणे लेक्चर आणि उत्साही गटकार्य यांची तुलना करून कोणालाही हवा तो निष्कर्ष काढता येतो. इथे व्याख्यान देणारे शिक्षक अनुभवी होते आणि विद्यार्थ्यांकडून चांगले गुण मिळवणारे होते. दोन्ही गटांना मजकूर तोच, हातात दिलेला छापील कागद तोच, त्यावरच्या रिकाम्या जागा त्याच. व्याख्यानाच्या वर्गात शिक्षक एकेक उदाहरण सोडवून दाखवत आणि मुले रिकाम्या जागा भरत. कृतिशील वर्गात तेच उदाहरण आधी छोट्या गटांना सोडवायला दिले जाई. शिक्षक बाकांमधून फिरत प्रश्न विचारत, अडलेल्यांना एखादा धागा देत. त्यानंतर पूर्ण उत्तर याही वर्गाला शिक्षकच मांडून दाखवत. म्हणजे उत्तर दोघांनाही मिळाले. एका गटाने ते मिळण्याआधी स्वतः झटापट केली, दुसऱ्याने केली नाही, एवढाच फरक.

तास संपताना मुलांनी आधी चार विधानांवर मत दिले: तास आवडला, यातून मी खूप शिकलो असे वाटते, शिक्षकाने परिणामकारक शिकवले, सगळे भौतिकशास्त्र असेच शिकवले जावे. मग लगेच बहुपर्यायी प्रश्नांची चाचणी झाली. हा क्रम महत्त्वाचा आहे. मत आधी नोंदवले गेले, त्यामुळे चाचणी अवघड गेली की सोपी याचा त्यावर परिणाम होऊ शकला नाही.

आणखी एक अट होती आणि पुढच्या चर्चेत ती कामाला येईल. कोणती पद्धत चांगली, याबद्दल शिक्षकांनी मुलांना एका शब्दानेही पटवण्याचा प्रयत्न केला नाही.

बाकावर नेमके काय घडते

‘कृतिशील’ हा शब्द इतका सैल वापरला जातो की त्यात प्रत्यक्ष काय असते ते एका उदाहरणावरून पाहिलेले बरे. पुढचे उदाहरण त्या प्रयोगातले नाही, पण स्थितिक समतोलाच्या कोणत्याही वर्गात चालेल असे आहे.

एक शिडी गुळगुळीत भिंतीला टेकवली आहे. लांबी ५ मीटर, वस्तुमान २० किलो, जमिनीशी कोन ६० अंश. भिंतीवर घर्षण नाही, जमिनीवर आहे. शिडी घसरू नये म्हणून जमिनीचे घर्षण किती हवे?

व्याख्यानात हे चार-पाच मिनिटांत संपते. शिक्षक बलांची आकृती काढतात, खालच्या टोकाभोवती टॉर्क (बलाचा फिरवण्याचा परिणाम) घेतात, भिंतीची प्रतिक्रिया सुमारे ५७ न्यूटन निघते, घर्षणही तेवढेच. जमिनीची लंब प्रतिक्रिया १९६ न्यूटन, म्हणून घर्षणांक (घर्षण भागिले लंब प्रतिक्रिया) किमान ०.२९ हवा. सगळे वाहत्या पाण्यासारखे सरळ. मुले मान डोलावतात, वहीत उतरवतात.

हेच गणित मुलांच्या हाती दिले की दहा मिनिटांत वेगळे चित्र दिसते. कोणी जमिनीची प्रतिक्रिया शिडीच्या दिशेने तिरकी काढतो. कोणी घर्षणाचा बाण भिंतीपासून दूर दाखवतो, कारण शिडी तिकडे घसरणार असते आणि बल नेहमी हालचालीच्या दिशेने असते ही समज त्याच्या मनात पक्की असते. काही गट शिडीच्या मध्याभोवती टॉर्क घेतात, तीन अनोळखी बले एका समीकरणात येतात आणि काम अडते. एखादा गट विचारतो, ‘लांबी दिलीय, पण उत्तरात ती उडूनच गेली. चुकलं का?’ हा प्रश्न सोन्याचा आहे. व्याख्यानात तो कोणी विचारत नाही, कारण तिथे लांबी उडते ती शिक्षकाच्या हातून.

आता पुढचा प्रश्न, आकडे न मांडता उत्तर द्यायचा: ६० किलोचा माणूस या शिडीवर चढत गेला, तर जमिनीची लंब प्रतिक्रिया वाढेल, कमी होईल की तेवढीच राहील? अनेक जण ‘वाढेल’ म्हणतात. उत्तर आहे, तेवढीच राहील: ७८४ न्यूटन. एकूण वजन बदलत नाही, आणि गुळगुळीत भिंत वजन पेलत नाही. बदलते ते भिंतीचे बल आणि त्याच्या जोडीने घर्षण. माणूस तळाच्या पायरीवर असताना लागणारा घर्षणांक ०.०७ असतो, तो टोकाला पोचेपर्यंत ०.५१ होतो. शिडी वर गेल्यावर का घसरते, हे मुलांनी इथे स्वतः शोधलेले असते.

असा एक फेरा साधारण १५ ते १८ मिनिटांचा होतो: प्रश्न समजावण्यात दोन मिनिटे, एकट्याने आणि शांतपणे विचार करायला दोन-तीन, गटात सहा-सात, मग हात वर करून किंवा क्लिकरने (बटण दाबून पर्याय निवडण्याच्या छोट्या यंत्राने) उत्तरांचा अंदाज, आणि शेवटी पाच मिनिटे शिक्षकाचे पूर्ण स्पष्टीकरण. तासाला तीन फेरे बसतात. चौथा बसवू नये. तो नेहमी स्पष्टीकरणाच्या वेळातून चोरला जातो.

निकाल

चाचणीत कृतिशील गट पुढे होता. दोन्ही विषयांत, म्हणजे अदलाबदल झाल्यानंतरही. फरक साधारण अर्ध्या प्रमाणित विचलनाइतका (प्रमाणित विचलन म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत याचे माप). हा आकडा एकटा नाही. स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या पदवी वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र केले, तेव्हा परीक्षेतला सरासरी फरक ०.४७ प्रमाणित विचलन निघाला. नापास होणाऱ्यांचे सरासरी प्रमाण पारंपरिक व्याख्यानात ३३.८ टक्के, तर कृतिशील वर्गात २१.८ टक्के होते. २०२० मध्ये याच धर्तीवरच्या एका मोठ्या विश्लेषणात असेही दिसले, की संधींपासून वंचित राहिलेल्या समूहांतली मुले आणि इतर मुले यांच्यातली गुणांची दरी कृतिशील वर्गात कमी होते.

मतांच्या कागदावर मात्र चित्र पूर्ण उलटे होते. चारही विधानांवर कृतिशील तासाला कमी गुण मिळाले. ‘खूप शिकलो असे वाटते’ या विधानावरची घट तर चाचणीतल्या वाढीच्या तोडीची होती. ज्या तासात मुले जास्त शिकली, त्याच तासाबद्दल त्यांनी लिहिले की आपण कमी शिकलो.

तासाच्या शेवटी घेतलेल्या मतावरून शिक्षकाचे मूल्यमापन करणाऱ्या प्रत्येक संस्थेने या निष्कर्षाशी थांबावे असे आम्हाला वाटते. असा फॉर्म शिकणे मोजत नाही. तास किती सुरळीत गेला ते मोजतो. चांगल्या वक्त्याला त्यात बक्षीस मिळते आणि मुलांना विचार करायला लावणाऱ्याला दंड बसतो.

असे का होते

संशोधकांनी तीन कारणे मांडली आहेत. तिन्ही एकमेकांत गुंतलेली आहेत.

पहिले म्हणजे ओघ. उत्तम व्याख्यानात एकही खाच लागत नाही. मेंदू त्या सहजतेलाच समज मानून बसतो. शिक्षकाला ते सोपे आहे हे आपण पाहिलेले असते; आपल्याला ते जमते का, हे तपासलेलेच नसते. दुसरे, विषयात नवा असलेल्याला आपल्याला किती येते याचा अंदाजही नीट बांधता येत नाही, कारण तो बांधायलाही तेच ज्ञान लागते. तिसरे, आयुष्यभर लेक्चर ऐकलेल्या मुलाला अडखळणे म्हणजे अपयश वाटते. डोके दुखले म्हणजे काहीतरी बिघडले, असा तो अर्थ लावतो.

विद्यार्थ्यांच्या मुलाखतींतून आलेले तपशील शिक्षकांनी जपून ठेवावेत असे आहेत. कृतिशील तास त्यांना तुटक वाटला. काम रंगात येते न येते तोच थांबायला सांगितले जाई, याचा त्रास झाला. आणि गटात केलेल्या आपल्या चुका दुरुस्त होणारच नाहीत, ही धास्ती होती. ही शेवटची तक्रार नुसत्या भावनेची नाही. अनेक वर्गांत ती खरी असते.

कुठे बिघडते

सर्वाधिक बिघाड शेवटच्या पाच मिनिटांत होतो. गटांत चर्चा रंगते, वेळ संपत येतो, शिक्षक ‘उत्तर ब, पुढे चला’ म्हणतात. मग ज्यांनी ‘क’ निवडले ते आपण का चुकलो हे न कळता घरी जातात. हार्वर्डच्या प्रयोगात पूर्ण स्पष्टीकरण प्रत्येक उदाहरणानंतर होते, हे विसरून चालणार नाही. व्याख्यान हटवायचे नसते. ते झटापटीच्या नंतर न्यायचे असते. आधी विचार केलेल्या मुलाला तीच पाच मिनिटे कितीतरी जास्त देऊन जातात.

दुसरी चूक प्रश्न निवडण्यात. सोपा प्रश्न दिला की गटात बोलायला काही उरत नाही आणि गप्पा सुरू होतात. फार अवघड दिला की सगळेच गप्प. याच विद्यापीठात एरिक मझुर यांनी १९९१ पासून सहाध्यायी चर्चेची पद्धत वापरली. त्या अनुभवातून आलेला ठोकताळा असा: पहिल्या मतदानात साधारण ३० ते ७० टक्के उत्तरे बरोबर असतील तर चर्चा घ्यावी. त्याखाली असतील तर आधी संकल्पना पुन्हा समजवावी. त्यावर असतील तर थोडक्यात कारण सांगून पुढे जावे. मझुर यांच्या वर्गात बलाच्या संकल्पनांवरच्या प्रमाणित चाचणीतली सापेक्ष वाढ (जेवढी वाढ शक्य होती तिचा प्रत्यक्ष झालेला हिस्सा) १९९० मध्ये, व्याख्यान पद्धतीत, ०.२५ होती, पद्धत बदलल्यावर पहिल्याच वर्षी ती ०.४९ झाली, आणि प्रश्न सुधारत गेल्यावर १९९७ मध्ये ०.७४. अवघी सहा वर्षे, तीच कल्पना, पण प्रश्न पुन्हा पुन्हा घासूनपुसून लिहिलेले. पहिल्या वर्षी निकाल मनासारखा नाही आला तर पद्धत टाकून देण्याआधी प्रश्न तपासावेत, असे आम्ही सांगतो ते यामुळे.

‘एक चुकणारा दुसऱ्या चुकणाऱ्याला काय शिकवणार?’ हा आक्षेप नेहमी येतो. कोलोरॅडो विद्यापीठातल्या आनुवंशिकीच्या वर्गात तो २००९ च्या अभ्यासात तपासला गेला. मुलांनी प्रश्न एकट्याने सोडवला, मग चर्चा करून पुन्हा उत्तर दिले, आणि खरे उत्तर कळण्याआधीच त्याच संकल्पनेचा पण वेगळा दिसणारा दुसरा प्रश्न एकट्याने सोडवला. गटात सुरुवातीला कोणालाच उत्तर येत नसावे अशा ठिकाणीही दुसऱ्या प्रश्नात सुधारणा दिसली. म्हणजे ही सुधारणा नुसत्या हुशार शेजाऱ्याच्या नकलेतून येत नाही; बोलता बोलता विचार मोकळा होतो.

आणखी काही ठिकाणे अशी. एकट्याने विचार करण्याची दोन मिनिटे वगळली, की गटातला सर्वात झटपट मुलगा बोलतो आणि बाकीचे त्याचे उतरवतात. पाच-सहा जणांचा गट केला की दोघे प्रेक्षक होतात; तिघांचा गट सर्वात कामाचा. फिरणारा शिक्षक एका गटाजवळ दहा मिनिटे थांबला तर तिथे छोटे लेक्चर सुरू होते आणि उरलेला वर्ग वाऱ्यावर. गटाजवळ मिनिटभर थांबून ‘हा बाण इकडे का?’ एवढे विचारावे आणि उत्तर न देता पुढे जावे. आणि गटातल्या उत्तरांना बरोबर-चूक पाहून गुण दिले, की मुले चुकायला घाबरतात. द्यायचेच तर सहभागाला थोडे द्यावेत.

पोर्शन पूर्ण होत नाही, ही अडचण खरी आहे. त्यावर एकच मार्ग चालताना दिसतो: व्याख्या, सूत्रांची ओळख, सोपी उदाहरणे तासाआधीच्या तीन-चार पानांच्या वाचनात टाकायची आणि त्यावर छोटी चाचणी ठेवायची. चाचणी नसेल तर वाचन होत नाही.

पटवून देण्याचा भाग

देलॉरिये यांचाच आणखी एक प्रयोग २०११ मध्ये गाजला होता. तो कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात, अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या भौतिकशास्त्रात झाला. २६७ आणि २७१ विद्यार्थ्यांचे दोन वर्ग, एक आठवडा, विषय विद्युतचुंबकीय लहरी. एका वर्गाला विद्यार्थ्यांचा आवडता, अनुभवी प्राध्यापक. दुसऱ्याला अध्यापनाचा फारसा अनुभव नसलेले, पण या पद्धतीचे प्रशिक्षण घेतलेले दोन तरुण संशोधक. चाचणीतली सरासरी पहिल्या वर्गात ४१ टक्के, दुसऱ्यात ७४ टक्के. या प्रयोगावर टीकाही झाली: शिकवणारेच संशोधक होते, काळ अल्प होता, नावीन्याचा उत्साह होता. पण आपल्या विषयासाठी त्यातली वेगळी गोष्ट महत्त्वाची आहे. तिथे बहुतेक मुलांना ही पद्धत आवडली. हार्वर्डमध्ये नाही आवडली.

फरक कशाने पडला, याची अनेक कारणे असू शकतात. आम्हाला एक ठळक दिसते. कॅनडात पहिल्याच तासाला शिक्षकांनी मुलांना सांगितले होते, की आपण असे का शिकणार आहोत आणि त्याने शिकणे कसे वाढते. हार्वर्डच्या दोन तासांत मुद्दाम काहीच सांगितले नव्हते.

हार्वर्डच्या चमूने हाच धागा पुढे नेला. नंतरच्या एका सत्रात त्यांनी सुरुवातीलाच सुमारे २० मिनिटे राखली आणि मुलांसमोर वर वर्णन केलेला उलटा निकाल मांडला: तुम्हाला कमी शिकल्यासारखे वाटेल, चाचणी वेगळे सांगेल, आणि अडखळणे हा शिकण्याचाच भाग आहे. सत्राच्या शेवटी ६५ टक्क्यांहून जास्त मुलांनी सांगितले, की कृतिशील पद्धतीबद्दलचे आपले मत सत्रभरात बरेच सुधारले. ७५ टक्के मुलांनी त्या सुरुवातीच्या सादरीकरणाचा फायदा झाल्याचे नोंदवले.

इथे या प्रकरणाची मर्यादाही सांगायला हवी. चाचणी तास संपताच झाली, त्यामुळे महिन्याने किती उरले हे हे दोन तास सांगत नाहीत. विद्यापीठ निवडक, विषय एक. नाराजी किती असेल आणि किती टिकेल, हे वर्गागणिक बदलेल. तरी नाराजी आणि शिकणे विरुद्ध दिशांना जाऊ शकतात, एवढे यातून निर्विवाद दिसते.

आपल्या वर्गात हे आणायचे असेल तर २० मिनिटांची रचना साधी ठेवावी. संशोधनाचे दाखले पाच मिनिटांत आटपावेत. उरलेल्या वेळात मुलांनाच अनुभव द्यावा: एक उदाहरण सुरेख सोडवून दाखवायचे, ‘समजलं का?’ विचारून हात वर करायला सांगायचे, आणि लगेच तेच उदाहरण एक अट बदलून कोऱ्या कागदावर एकट्याने सोडवायला द्यायचे. वर गेलेले हात आणि बरोबर आलेले कागद यांतला फरक फळ्यावर लिहावा. कागदांवर नाव नसावे. कोणाला लाजवण्याचा हा प्रसंग नाही.

त्यानंतर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एक छोटी, अंतिम गुणांवर फारसा भार नसलेली परीक्षा ठेवावी. वर्गात सोडवलेल्या प्रश्नांच्या जातीचेच पण नवे प्रश्न असावेत. मुलांना स्वतःच्या शिकण्याचा खरा पुरावा याच परीक्षेत मिळतो. फीडबॅकचा फॉर्म तिचे गुण कळल्यानंतर द्यावा, आधी नाही. त्यात ‘किती शिकलात?’ हा प्रश्नच ठेवू नये. त्याऐवजी तीन प्रश्न पुरतात: कोणत्या उदाहरणात तुमची चूक दुरुस्त झाली नाही? गटातल्या कामाला वेळ कुठे कमी पडला? तासाआधीच्या वाचनातले काय कळले नव्हते? पहिल्या प्रश्नाला आलेली उत्तरे पुढच्याच तासाच्या सुरुवातीला, दहा मिनिटे काढून, फळ्यावर घ्यावीत.